इटलीच्या उन्हात आपली माणसं

पानशेतच्या पुढे गेलं की रेंज जाते आणि एपिसोड मध्येच अडकतो, अशी तक्रार वेल्ह्याकडच्या श्रोत्यांनी इतक्या वेळा केली की आता प्रत्येक एपिसोड लिहूनही टाकतोय. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'अं' गाळलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.

तर झालं काय, ऑफिसमधला एक मित्र सुट्टीला इटलीला गेलाय. भर उन्हाळ्यात. रोज त्याचे फोटो येतात. कोलोसियमसमोर उभा, डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली, चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा. खाली लिहिलेलं, 'भोरच्या मे महिन्यापेक्षा बेक्कार ऊन आहे इथे.' मी हसलो, लाइक केलं आणि पुढे गेलो. पण मग एक गोष्ट आठवली.

आमच्या वेल्ह्याकडच्या एका नातेवाइकांच्या घरी जुनी पत्र्याची ट्रंक आहे. (वेल्हे म्हणजे कागदोपत्री आता राजगड तालुका, पण तोंडात अजून वेल्हेच येतं.) त्या ट्रंकेत जमिनीचे कागद आहेत, एक पितळी डबी आहे आणि एक सहा टोकांची चांदणी आहे. ब्राँझची. तिला लावलेली फीत मळून गेलीय, पण पट्टे ओळखू येतात: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. घरात सगळे म्हणतात, 'ते पणजोबांचं जर्मनच्या लढाईतलं पदक.' लहानपणी मीही तसंच समजायचो. कॉलेजात असताना एकदा नीट पुसून बघितलं तर त्यावर इंग्रजीत 'इटली स्टार' लिहिलेलं. फितीवर इटलीच्या झेंड्याचे रंग. म्हणजे आमचे पणजोबा इटलीत होते! कुठे होते, काय बघितलं, कुणालाच माहीत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना एवढंच आठवतं की ते म्हणायचे, तिकडं आखाडात पाऊस नसतो.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आजचा एपिसोड त्यामुळेच आहे. इटलीतली शहरं आपल्याकडच्या माणसांनी याआधी कधी, कशी बघितली? सेल्फी स्टिक घेऊन नाही, बंदूक घेऊन. आणि एकदा तर राजा म्हणून.

पण आधी एक उलटी गोष्ट. इटलीचा एक माणूस आपल्याकडे आला होता, तोही जून महिन्यात.

कापूरहोळवरून नारायणपूरला जाताना समोर पुरंदर दिसतो ना, त्याच्या पायथ्याशी १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगांची छावणी पडली होती. त्या छावणीत निकोलाव मनुची नावाचा व्हेनिसचा माणूस तोफखान्यावर होता. वय सत्तावीस. माझ्याएवढंच म्हणा. चौदाव्या वर्षी घरातून पळून जहाजात लपला, इराणमार्गे हिंदुस्थानात आला, दारा शुकोहच्या नोकरीत तोफा डागल्या, मग इथे. ११ जून १६६५ ला शिवाजी महाराज जयसिंगांना भेटले आणि पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. त्या बारांत आपले राजगड आणि तोरणा होते. मनुचीने आपल्या आठवणींच्या ग्रंथात लिहिलंय की एका रात्री तो जयसिंगांबरोबर पत्ते खेळत बसलेला असताना महाराज आत आले आणि सगळे उठून उभे राहिले. पुढे महाराजांशी त्याचं बोलणं झालं. युरोपात पोर्तुगालच्या राजाखेरीज दुसरा राजा नाही असा त्यांचा समज होता, आणि आपण त्यांना युरोपातल्या राजांची माहिती दिली, असं तो सांगतो.

आता मनुची गप्पिष्ट माणूस. त्याच्या ग्रंथात ऐकीव गोष्टींचा भरपूर मसाला आहे, इतिहासकार त्याला चाळून घेतात, आपणही घ्यावं. पण तो त्या छावणीत होता यात शंका नाही. घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचं एक जुनं चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, ते याच मनुचीने मीर मुहंमद नावाच्या चित्रकाराकडून करून घेतलेल्या संग्रहातलं. मनुचीची उरलेली हयात हिंदुस्थानातच गेली. व्हेनिस सुटलं ते सुटलंच.

बरं, आता आपल्या बाजूने तिकडे जाऊ.

साल १८७०. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे दुसरे राजाराम, युरोपच्या दौऱ्यावर निघाले. वय वीस! आजच्या हिशोबाने इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा मुलगा. हिंदू राजाने समुद्र ओलांडणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. जात बाटते, प्रायश्चित्त घ्यावं लागतं, घरातल्या बायका रडतात. तरी हा मुलगा गेला. उन्हाळा इंग्लंडात काढला, राणी व्हिक्टोरियाला भेटला आणि रोज इंग्रजीत डायरी लिहिली. आज काय बघितलं, कुणाला भेटलो, कुठल्या कारखान्यात गेलो. त्यांच्याबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट या अधिकाऱ्याने ती डायरी १८७२ मध्ये लंडनला छापली. आज ट्रॅव्हल व्लॉगर करतात तेच काम, फक्त कॅमेरा नाही.

परतीच्या वाटेवर महाराज युरोपातून खाली इटलीकडे निघाले आणि वाटेतच आजारी पडले. नोव्हेंबर संपत आला होता, थंडी होती. फ्लॉरेन्सला पोहोचले. फ्लॉरेन्स तेव्हा नुसतं टुरिस्ट शहर नव्हतं. ती इटलीची राजधानी होती. इटलीने रोम ताब्यात घेऊन दोन-सव्वादोन महिनेच झाले होते, राजधानी अजून तिकडे हलायची होती. त्या शहरातल्या एका हॉटेलात ३० नोव्हेंबर १८७० ला राजाराम महाराज वारले.

आता विचार करा. बरोबर मोजकी माणसं, परका मुलुख आणि राजाचा देह. अग्नी द्यायचा तर कुठे? इटलीत उघड्यावर चिता पेटवायची पद्धत नव्हती आणि कायद्यातही ते बसत नव्हतं. शेवटी खास परवानगी मिळाली. जागा कुठली मिळाली बघा: शहराच्या पश्चिम टोकाला, काशिने नावाच्या मोठ्या बागेच्या शेवटी, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. संगम! फ्लॉरेन्समध्ये संगम शोधला या लोकांनी. रात्री चिता पेटली आणि फ्लॉरेन्सचे लोक ते बघायला जमले. आपल्याकडे वाईला किंवा आळंदीला नदीकाठी जे रोज घडतं, ते त्या शहराने पहिल्यांदा बघितलं असणार.

१८७४ मध्ये त्या जागी स्मारक झालं. चार खांबांवर छत्री, तिच्याखाली रंगवलेला अर्धपुतळा, फेटा आणि गळ्यात दागिने. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच हे मँट. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. फ्लॉरेन्सचे लोक त्या भागाला नुसतं 'इंदियानो' म्हणतात, म्हणजे 'तो हिंदुस्थानी'. शंभर वर्षांनी शेजारी आर्नोवर मोठा केबलचा पूल झाला, त्याचंही नाव 'हिंदुस्थान्याचा पूल'. रोज हजारो गाड्या त्या नावावरून जातात आणि तो हिंदुस्थानी कोण, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल कुणास ठाऊक. इकडे कोल्हापुरात राजाराम कॉलेज आहे. तिथे शिकून गेलेल्यांपैकी तरी किती जणांना हा वीस वर्षांचा मुलगा माहीत आहे? मला नव्हता.

आता मुख्य गोष्ट. १९४४ चा उन्हाळा.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक लढले. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन होत्या. त्यांत आपली मराठा लाइट इन्फंट्री होती. इंग्रज तिचं स्पेलिंग मधे 'एच' घालून करायचे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. पहिली बटालियन म्हणजे 'जंगी पलटण', १७६८ ची. ती आठव्या डिव्हिजनमध्ये होती, तिसरी बटालियन दहाव्या डिव्हिजनमध्ये. पोरं कोकणातली, घाटावरची, मावळातली. तेव्हा राजगड आणि तोरणा पंतसचिवांच्या भोर संस्थानात होते. संस्थानी असो की खालसा मुलखातला, भरती झालेला पोरगा बेळगावला जायचा आणि तिथून बोटीने जगाच्या पाठीवर कुठेही.

४ जून १९४४ ला रोम पडलं, आणि सैन्य उत्तरेकडे सरकायला लागलं. जून, जुलै, ऑगस्ट. भूमध्य समुद्राकडचा उन्हाळा कोरडा असतो. आता पणजोबांचं वाक्य आठवा. इकडे वेल्ह्यात, भोरच्या पश्चिमेला हिर्डस मावळात, आषाढात काय चालू असतं? धो धो पाऊस, डोक्यावर इरलं, गुडघाभर चिखलात भाताची लावणी. आणि त्याच आषाढात तिकडे धुळीचे रस्ते, करपलेलं गवत, लोखंडी हेल्मेट तापलेलं. माझ्या मित्राला चाळीस मिनिटं रांगेत उभं राहून घाम फुटला. या पोरांच्या पाठीवर ओझं होतं आणि समोरच्या टेकडीवर जर्मन मशीनगन.

१० जुलैला वरच्या टायबर खोऱ्यात तिसऱ्या बटालियनच्या एका तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीचा नाईक सोडून बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. तो नाईक एकटाच मशीनगनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब टाकून तोफची आणि तोफ गप्प केली, मग गोळ्या झाडल्या. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांवर बंदूक उलटी धरून दस्त्याने तुटून पडला. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि तो तिथेच पडला. यशवंत घाडगे, वय बावीस, गाव पळसगाव, माणगाव तालुका. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगाव आपल्याला परकं नाही. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड, आणि महाडच्या पुढे माणगाव. तोरण्यावरून आकाश स्वच्छ असेल तर जो लिंगाणा आणि रायगड दिसतो, त्याच्या पलीकडचाच तो मुलूख. घाडग्यांना इटलीत कबर किंवा समाधी नाही. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलंय, जिथे ज्यांचा पत्ता लागला नाही अशा चार हजारांहून जास्त सैनिकांची नावं आहेत.

आणि त्याच महिन्याच्या शेवटी घडलेली ही गोष्ट. मला विचाराल तर इटलीतल्या मराठ्यांच्या सगळ्या गोष्टींत हीच मला जास्त छळते.

जंगी पलटण फ्लॉरेन्सच्या दिशेने येत होती. शहराच्या नैऋत्येला वीसेक किलोमीटरवर मोंतेगुफोनी नावाचा जुना वाडा आहे, गढीच म्हणा. मालक इंग्रज, सिटवेल घराणं. युद्ध सुरू झाल्यावर फ्लॉरेन्सच्या उफीत्सी आणि इतर संग्रहालयांतली चित्रं बॉम्बपासून वाचवायला खेड्यापाड्यांतल्या वाड्यांत नेऊन ठेवली होती. मोंतेगुफोनीत अडीचशेच्या आसपास चित्रं होती. आधी तिथे जर्मन राहून गेले, मग आले मराठे. तळघरात गावातले निर्वासित, अंगणात जवान, आसपास तोफांचे आवाज, आणि खोल्यांत भिंतींना टेकवून ठेवलेली पाच-सहाशे वर्षांची चित्रं.

जुलैच्या शेवटी एरिक लिंकलेटर हा स्कॉटिश लेखक आणि बीबीसीचा वार्ताहर विनफर्ड व्हॉन-थॉमस पलटणीला भेटायला तिथे आले. सहज आत डोकावले. समोर उच्चेलोचं लढाईचं चित्र, जोत्तोची मॅडोना, आणि एका खोलीत बॉटिचेल्लीचं 'प्रिमावेरा'! म्हणजे 'वसंत'. सुमारे दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद. संत्र्यांच्या बागेत उभ्या नऊ आकृत्या, एकीच्या अंगावरून फुलंच फुलं सांडताहेत. आज उफीत्सीत त्या चित्रासमोर मोबाइल वर धरून उभी असलेली गर्दी तुम्ही रीलमध्ये बघितली असेल. लिंकलेटरने पुढे स्वतःच कबूल केलंय की आनंदाच्या भरात त्याने त्या चित्राला ओठ टेकवले. (आज करून बघा, थेट पोलीस चौकीत.) तोफा चालू असताना उफीत्सीचे ग्रंथपाल चेझारे फासोला चालत तिथे येऊन पोहोचले होते, चित्रांची काळजी घ्यायला. आणि खोल्यांवर पहारा बसला. मराठ्यांचा.

आता थोडं थांबा. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध चित्रांपैकी एका चित्राच्या दाराशी मराठी बोलणारा एक पोरगा बंदूक घेऊन उभा आहे. इकडे श्रावण लागलाय. तिकडे बाहेर रखरखीत ऊन आणि आत अंधाऱ्या खोलीत वसंत. लिंकलेटरला काय वाटलं ते आपल्याला माहीत आहे, कारण त्याने लिहिलं. फासोलांनीही लिहिलं. त्या पहारेकऱ्याला काय वाटलं? त्याने चित्र बघितलं का? बघून हसला, की 'काय ही उघडी बाई' म्हणून मान फिरवली, की गावातल्या देवळाच्या भिंतीवरची चित्रं आठवली? तो कुठे लिहिणार होता? आणि घरी परत आल्यावर कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं ना. विचारलंच नाही.

मला माहितीये, काही जण कमेंटमध्ये लिहितील की हे इंग्रजांचे भाडोत्री सैनिक होते, गांधीजी तुरुंगात होते, यांचं कौतुक कशाला. प्रश्न चुकीचा नाही. १९४२ च्या चळवळीत आपल्याकडची पोरं तुरुंगात गेली आणि त्याच वयाची पोरं भरतीच्या रांगेतही उभी राहिली. पोटासाठी, जमीन कोरडवाहू म्हणून, भावकीतला कुणीतरी हवालदार होता म्हणून. मुसोलिनी आणि हिटलरविरुद्ध ते लढले हेही खरं, आणि स्वतःच्या देशात त्यांना मत नव्हतं हेही खरं. मला या दोन्हींतलं एक निवडता येत नाही. मी पणजोबांना विचारलं असतं तर कदाचित त्यांनी तिसरंच काहीतरी सांगितलं असतं.

पुढचं भराभर सांगतो. ऑगस्टच्या सुरुवातीला जर्मनांनी माघार घेताना फ्लॉरेन्सचे पूल उडवले, फक्त पोंते वेक्यो हा दुकानांचा जुना पूल ठेवला. ऑगस्टमध्येच आठव्या डिव्हिजनचे सैनिक शहरात पोहोचले. पुढच्या वर्षी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जंगी पलटणीचे नामदेव जाधव यांनी सुरुंगांनी भरलेल्या काठावरून आणि पाण्यातून दोन जखमी साथीदारांना एकेक करून पलीकडे नेलं, परत आले, मशीनगनची तीन ठाणी मोडली आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना दिली. हेही व्हिक्टोरिया क्रॉस. सुदैवाने ते जिवंत परतले. इटलीत हिंदी सैन्याला सहा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, त्यातले दोन मराठा रेजिमेंटचे. मेले ते पाच हजार सातशेहून जास्त.

फोर्ली गावात हिंदी सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे. तिथेच दहन झालेल्या जवळपास आठशे जणांचं स्मारक आहे. म्हणजे १८७० मध्ये एका राजाच्या चितेसाठी खास परवानगी काढावी लागली, आणि पंचाहत्तर वर्षांत त्याच देशात शेकडो शिपायांना अग्नी दिला गेला. २०२३ च्या जुलैत मोंतोने या गावाने यशवंत घाडग्यांचं स्मारक उभारलं. पुतळा नाही, सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. दस्त्याने लढलेल्या माणसासाठी सूर्यघड्याळ हे मला आधी विचित्र वाटलं. मग तो जुलै आठवला.

शेवटी कामाचं. घरात असं पदक, पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद असेल तर फोटो काढून ठेवा, वाळवी कुणाची वाट बघत नाही. कुणी तिकडेच राहिलं असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या साइटवर नाव शोधता येतं. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हाही असतो. फक्त शोधताना स्पेलिंग आजचं टाकू नका. जाधवचं तीन-चार तऱ्हांनी लिहिलंय, गावांच्या नावांचं तर विचारूच नका, साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. मराठा शोधताना तो मधला 'एच' विसरू नका. मी यासाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिलीय, नावाचे सगळे संभाव्य अवतार बनवून शोधते. पण ती मेलेल्यांनाच शोधते. आमचे पणजोबा जिवंत परत आले, त्यामुळे त्या यादीत ते नाहीत. त्यांचे कागद मिळाले तर रेजिमेंटकडे मिळतील. अर्ज केलाय.

हो, आणि तो मित्र. फ्लॉरेन्सला पोहोचल्यावर त्याला मेसेज केला, 'उफीत्सीची रांग झाली की काशिने बागेच्या टोकाला जा, आपला माणूस आहे तिथे.' गेला बिचारा, त्या उन्हात. संध्याकाळी फोटो आला. छत्री, फेटेवाला पुतळा, आणि बाजूला झाडाच्या सावलीत पाय पसरून बसलेला हा. खाली लिहिलेलं, 'इथे रांगच नाहीये रे.'